मानस

चोडणला माझ्या काकाकडे एक मानस आहे.
मन नव्हे. बांधातलं दार:
खाडी फुगली की आपोआप मिटतं,
खाडी उतरली की शेतातलं पाणी बाहेर सोडतं.
चौदाव्या वर्षी बांबोळीच्या पाटीवर ‘मानसोपचार’ वाचलं
तेव्हा मला वाटलं, इथे दारं दुरुस्त करतात.
इव्हेत बाई हसल्या नाहीत.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

चार वर्षं त्यांच्या खोलीत गेलो.
भिंतीवर निळा हत्ती, सोंडेचा रंग उडालेला.
खुर्ची इतकी बुटकी की शेवटी शेवटी
गुडघे हनुवटीला लागायचे.
बोलायची आई.
‘तो झोपत नाही. जेवताना ताटाकडे बघत बसतो.
बारावीच्या पेपराला निघाला आणि फेरीबोटीतून उतरलाच नाही,
चोडण–रायबंदर, रायबंदर–चोडण, दिवेलागणीपर्यंत.’
सगळं खरं होतं.
मी हत्तीकडे बघत ऐकायचो,
शेजारच्या कुणा मुलाचा विषय चालल्यासारखा.

मग अठरा झाले. आईनं शिरवळ्या केल्या.
त्याच आठवड्यात इव्हेत बाई म्हणाल्या,
‘दीपराज, आता तुझी फाइल समोरच्या इमारतीत.’
पुढची तारीख अडीच महिन्यांनी.

ते अडीच महिने मी कुणाचाच नव्हतो.
या खोलीला मोठा झालेला,
त्या खोलीला अजून न पोचलेला.
गोळ्या होत्या.
लायसन्सचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, मतदार यादीचा,
जो तो सही मागत होता
आणि माझी सही दर वेळी वेगळी येत होती.

एका रात्री उठून बांधावर गेलो.
अवसेची भरती, बाराचा सुमार.
शाबलो काका बॅटरी विझवून बसलेला.
काही विचारलं नाही त्यानं,
गोणपाटावर सरकून जागा केली.
पाणी फळ्यांवर धडका देत होतं.
मी म्हटलं, फुटलं तर?
‘फुटतं की,’ तो म्हणाला.
‘माझ्या बापाच्या वेळी फुटलं होतं,
खारं पाणी तुळशीपर्यंत आलं.
मीठ धुवायला तीन पावसाळे लागले.
तोवर कोरगुट पेरला. तो भात खाऱ्यातही तगतो.’
बराच वेळ गेला.
‘दार आपलं आपण मिटतं, खरं आहे.
पण एखादी काटकी अडकते.
म्हणून बसायचं कुणीतरी.’
मग त्यानं मला बॅटरी दिली आणि तिथेच आडवा झाला,
घोरायलाही लागला.
मी पहाटेपर्यंत फळ्यांवर उजेड टाकत राहिलो.
काही अडकलं नाही.

तारखेला इव्हेत बाई फाटकाशी उभ्या होत्या.
नियमात नव्हतं ते. त्यांची जेवणाची सुट्टी.
फाइल छातीशी धरून माझ्याबरोबर चालल्या,
मधल्या काजूच्या झाडाखालून, चिखल चुकवत.
मला वाटलं, काहीतरी शहाण्यासारखं सांगतील.
त्या म्हणाल्या, ‘इकडचा चहा पाणचट असतो. वरच्या मजल्यावर जा.’
दारापाशी फाइल माझ्या हातात दिली.
चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हातात आली.
वाटली होती त्यापेक्षा हलकी.

खोली बारा. हत्ती नाही.
खुर्चीत बसलो तर पाय जमिनीला सरळ टेकले.
नव्या डॉक्टरांनी विचारलं,
‘आईंना आत बोलवू, की बाहेर बसू देत?
तू म्हणशील तसं.’
आई उंबऱ्याशी, पाण्याची बाटली दोन्ही हातांत.
मी म्हटलं, थोड्या वेळानं.
तिनं मान हलवली,
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

दार लागलं.
‘बोल.’
तोंडात ‘तो’ आला, सवयीनं.
तिथेच अडकला.
डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते.

‘मी,’ मी म्हटलं.
‘मी झोपत नाही.’

बाहेर बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज आला.