तळघरातली पंगत

ग्रोनिंगेनच्या इस्पितळाखाली, जिन्याची दोन वळणं उतरून,
माझी पंगत बसते सकाळी सहाला.
ऐंशी पानं. वाढपी एकटा मी, येल्ते.
चाळीस उंदरांना दाण्याच्या गोळ्या,
चाळीस उंदरांना पांढरा मऊ गोळा,
लोण्यासारखा, पण लोण्याचा वास नसलेला.
साखर नाही, पीठ नाही, कोंडा नावाला.
आग्रह करावा लागत नाही कुणाला.

मग डॉक्टरीणबाई येतात
आणि प्रत्येकाच्या नाकात थेंबभर फ्लू सोडतात.
मी वजनं घेतो. रोज. ग्रॅमच्या दशांशापर्यंत.
कोण पाठ वाकवून कोपऱ्यात बसलंय,
कुणाची लव विस्कटलीय,
कोण अजून काड्या कुरतडतंय.

पहिल्या खेपेला तुपाळ पंगत तगली.
बाई म्हणाल्या, फुफ्फुसांच्या दाराशी
पहारा वाढलाय, शेंबूडही दाट धरलाय.
दुसऱ्या खेपेला दोन्हीकडची पानं सारखीच उठली.
तिसरीचं अजून मोजतोय.

लेंड्याही मीच गोळा करतो, चिमट्यानं, नंबर घालून.
चरबीवाल्यांच्या बारीक, कोरड्या, मोजक्या.
त्यांच्या आतड्यात कोंड्यावर जगणारं जे बिऱ्हाड होतं
ते भाडं थकल्यासारखं रातोरात गेलं.
नवं कोण राहायला आलं,
दारावर त्यांच्या नावाच्या पाट्या लागायच्यात अजून.

मीही बसलो त्याच पंगतीला, ऑक्टोबरात.
रक्तात साखर वाढली होती, पँटचा हूक लागत नव्हता.
काळा पाव बंद, बटाटा बंद.
अंडी, साय, डुकराची चरबी, जुनं चीज.
अकरा किलो उतरलो.
पोटात कावळे ओरडायचे, तेही गप्प झाले.
तेत्स्के म्हणाली, तुझ्या तोंडाला नासक्या सफरचंदाचा वास येतो,
आणि उशी घेऊन खिडकीच्या बाजूला सरकली.
तिसऱ्या आठवड्यात संडासात बसून मी
अख्खं वर्तमानपत्र वाचलं, निधनवार्तांसकट.
पण सर्दी नाही झाली त्या हिवाळ्यात.
लोण्यामुळे? नशिबानं?
की लोक माझ्यापासून हातभर लांब उभे राहायचे म्हणून?
मी एकटाच. माझ्यासमोर
दाण्याच्या गोळ्या खाणारा दुसरा येल्ते नव्हता.

बाप आठवायचा. चौदा गायी होत्या त्याच्या
फ्रीसलंडमध्ये, समुद्राहून खालच्या कुरणात.
लोणी सगळं बाजाराला जायचं.
आम्ही काळ्या पावाला लोण्याचा वास लावून खायचो.
आणि मी ते चमच्यानं खातो, औषध म्हणून.
हे त्याच्या पचनी पडलं नसतं.

फेब्रुवारीत हिस्केला मुलगी झाली.
आमच्याकडे मुलगी झाली की साखरेचा पाव नेतात,
दालचिनीचा, आत खडे विरघळून चिकट झालेला.
बहिणीनं तो बसमधून आणला, मांडीवर, फडक्यात गुंडाळून,
जणू जन्म त्याचाच झालाय.
मी म्हटलं, मला चालत नाही.
ती म्हणाली, तुला विचारतंय कोण,
आणि एक जाड काप माझ्या कोटाच्या खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर
मी तो खाल्ला. उभ्यानं. दिवा न लावता.
आतून आवाज आला,
रिकाम्या घराची कडी कुणी वाजवावी तसा.

मग पंगत वाढली.
चिकट बोटांनी हातमोजा चढवला होता,
त्याच्या टोकाला साखर लागलेली.
एकतीस नंबरच्या मादीनं बोट धरलं.
चाटलं. थांबली. परत चाटलं.
नियमानं तिचे आकडे आता बाद.
नोंदवहीत लिहिलं नाही.
पोटात ठेवलं.

आज सकाळी एकतीस नंबर: बावीस पूर्णांक चार.
मी काट्यावर चढलो नाही.