शेरा

गावभागातून नदीकडे उतरताना डावीकडची बिल्डिंग,
बांधकाम पूर्ण : एक्क्याण्णव.
बँकेच्या फॉर्मात मी आधी एवढंच लिहितो,
मग खिशातलं पाचाचं नाणं काढून
भिंतींवर टकटक करत फिरतो.
पोकळ वाजलं की मगदूम खोकतात.

"विकायचं तर सतरा सालीच विकायला हवं होतं,"
शांतिनाथ मगदूम सांगतात, मला नाही, पंख्याला.
"बिल्डिंग सव्वीस वर्षांची, गिऱ्हाईक दारात.
म्हटलं, दोन वर्षं थांबू, भाव चढतोय.
दोन वर्षांनी काय चढलं ते बघितलंच सगळ्यांनी."
हळदीच्या अडतीवर जन्म गेला या माणसाचा,
पोत्यात हात घालून दर सांगायचा,
आणि स्वतःच्या घराचा
...उरलेलं वाक्य ते बशीत ओततात.

रुबीना मुजावर मिरजेहून आलीय,
हॉस्पिटलातली रात्रपाळी उरकून.
झोप डोळ्यांत, यादी पर्समध्ये.
कन्व्हेयन्स झालंय का? लिफ्टचा दोर कधी बदलला?
गच्ची गळते तेव्हा पैसे कोण काढतं?
मी सांगतो : आयुष्य साठ धरतात,
चौतीस गेली, सव्वीस राहिली,
बँक वीसच्या वर हप्ते द्यायची नाही.
ती बोटांवर मोजते. "तेव्हा मी एक्कावन्न,
ही चोपन्न. जमेल आमचं."

खाली पार्किंगमध्ये खांबावर
ऑइलपेंटच्या दोन रेघा :
पाच साल. एकोणीस साल.
वरच्या रेघेला ती तळहात टेकवते,
पोराची उंची बघावी तसा.
"विश्रामबागेत नवा फ्लॅट बघितला, दीडपट भाव.
एजंट म्हणाला, कोरा करकरीत, एक तडा नाही.
कोऱ्या खांबाला विचारू काय?
हिनं निदान सांगून टाकलंय, कुठवर बुडते."

मगदूम दोन लाख सोडतात. लगेच पस्तावतात,
"एक," म्हणतात.
"दोन," म्हणते ती, आणि हेल्मेट घालते.

शेरा या रकान्याला दोनच ओळींची जागा असते.
प्लास्टर : किरकोळ दुरुस्ती. पूररेषेत : होय.
राहण्यास, लिहितो, आणि पेन अडतं.
मगदूम लाइट बंद करायला म्हणून
पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेलेत.
बराच वेळ झाला.
लाइट चालूच आहे.