ओल्या चिंधीचा पारा

सावद्याच्या पुढे, केंद्राच्या आवारात
चार पायांवर उभी पांढरी पेटी,
झडपांची, छातीइतकी उंच.
पोरं तिला कबुतरखाना म्हणतात.
दार उत्तरेकडे, सातपुड्याकडे,
उघडताना ऊन आत डोकावू नये म्हणून.
सकाळी साडेआठला, दुपारी अडीचला
मी ते उघडते. नऊ वर्षं झाली.

आत दोन नळ्या शेजारी शेजारी.
एक उघडी. दुसरीच्या पायाला मलमलीची चिंधी,
चिंधीची शेपटी बाटलीत,
बॅटरीत घालतात त्या पाण्यात.
उघडी सांगते, हवा किती तापली.
चिंधीवाली सांगते,
घामाला वाळायला अजून जागा आहे की नाही.

वैशाखात दोघींचं पटत नाही.
कोरडी पंचेचाळीसवर, ओली तेवीसवर.
बावीस अंशांचं भांडण एका पेटीत,
आणि भांडण जेवढं मोठं
तेवढा माठ गार,
तेवढी कूलरची जाळी इमानदार.
चादर दोरीवर टाकेस्तोवर पापड.
त्या दिवसांत घाम दिसत नाही कुणाचा.
कानामागं बोट फिरवून चाखलं
की कळतं, किती पाणी गेलं.

नणंद पनवेलला असते. फोनवर म्हणते,
आमच्याकडे चौतीसच गं, पण जीव नकोसा झालाय.
मी हसायचे. चौतीस तर आमच्याकडे
रात्री जेवणं उरकल्यावर असतं.

मग एकदा लुकमान तडवी म्हणाला,
घड कापून बांधावर टेकलेला,
"अठी भाजते, ताई. बागात उकडते."

हातातला मापक घेऊन मी केळीत शिरले.
वर पानांचं छप्पर, खाली ठिबकची ओल,
वारा कुठेतरी कुंपणाशीच थांबलेला.
अडतीस. बाहेरपेक्षा सात कमी.
दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ,
पोलकं पाठीला चिकटलेलं,
घाम आला तिथेच उभा.
आणि हा माणूस खांद्यावर पंचवीस किलोचा घड घेऊन
दिवसातून साठ खेपा करतो.
त्या रात्री नणंदेला मीच फोन लावला.

एकोणीस मे, दुपारचे अडीच.
कोरडी: पंचेचाळीस पूर्णांक चार.
ओली: पंचेचाळीस पूर्णांक चार.
पदरानं काच पुसली. पुन्हा वाचलं.
दोघी एकमतानं.
कोष्टक म्हणतं, अशी हवा पाण्यानं शिगोशीग.
म्हणजे धुकं. मे महिन्यात. सावद्याला.
ते आकडे खरे असते तर
संध्याकाळपर्यंत ना म्हैस उरली असती,
ना लुकमान, ना आकडा लिहिणारी.

बाटली रिकामी. चिंधी खडखडीत.
शेजारचा पाण्याचा डबाही पालथा.
पेटीच्या सावलीत लुकमान, मिशा पुसत:
"ताई, तुमच्या पान्याले चवच नही."

बोलायला तोंड उघडलं,
तेवढ्यात त्याची पाठ दिसली.
सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा,
एकीच्या बाहेर दुसरी,
आटत गेलेल्या तळ्याच्या काठासारख्या.
नऊ वर्षं मी ओल्या चिंधीकडे बघत होते
आणि ती कुणाची नक्कल आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वहीच्या रकान्यात आडवी रेघ मारली.
कारणाला जागा बोटभर.
लिहिलं: पाणी संपले.

आता जून. पारा एकोणचाळीसवर उतरला,
पेपरात मथळा आहे, दिलासा.
ओली मात्र चढून अठ्ठावीसवर बसलीय.
कूलर नुसता आवाज करतो. माठातलं कोमट लागतं.
हनुवटीवरून थेंब वहीवर पडतो,
मंगळवारची शाई फुटते.

मी दोन डबे नेते.
एक चिंधीसाठी.
दुसऱ्यात मीठ, साखर, अर्धं लिंबू.

"आज किती, ताई?"
"कोणतं सांगू?"
तो मानेवरून तळवा फिरवतो, बघतो,
सदऱ्याला पुसतो.
"चिंधीचं सांगा."