भरतीचं गाणं

गुरुवारी जाळी वाळत टाकून झाली
की न्यूलिनच्या धक्क्यावरच्या पबात
आम्ही चौघं बसतो
आपल्याच देवांची उणीदुणी काढत.

देव पाच. दोघं वारले,
एक वेल्समध्ये मेंढ्या पाळतो,
उरलेले दोघं एकमेकांशी
वकिलांमार्फत बोलतात.

डेन्झिल म्हणतो, चौथ्या रेकॉर्डची दुसरी बाजू
म्हणजे नुसत्या पाट्या टाकल्यात.
जेगो म्हणतो, छे, खरा कचरा आठव्यात,
तिथे व्हायोलिनवाले भाड्याने आणले,
लग्नात मांडववाला आणावा तसे.
मी म्हणतो, ते दीपगृहावरचं घ्या,
सात मिनिटं,
आणि दिवा एकदाही लागत नाही.

हे बोलायचा हक्क आम्ही कमावलाय.
मागे एक लंडनचा पाहुणा, स्वच्छ बुटांचा,
सहज म्हणाला, बँड तसा बेताचाच होता,
तर जेगोने त्याचा ग्लास
अर्धा भरलेला असतानाच उचलून नेला.

शेवटी गाडी येते त्याच एका गाण्यावर,
ड्रमवाल्याने लिहिलेलं, त्यानेच गायलेलं.
त्यावर वाद नाही.
भरतीचं गाणं. चार मिनिटं उरली होती,
बुजवली.

मॉर्वेना एरवी गप्प,
शेंगदाण्याची सालं टेबलाच्या कडेला रांगेत लावत.
आज म्हणाली,
एकोणीसची होते, रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात.
दर शंभरावी प्रत पुरती ऐकायची,
खरखर येते का बघायला.
हे गाणं मी सहाशे वेळा ऐकलंय,
पगार घेऊन.
दुसऱ्या कडव्यानंतर कान द्या.
स्टूल करकरतं.
तो उठतोय. चाललाय सोडून.
मग पुन्हा करकरतं.

मग? जेगोने विचारलं.

मग काय. बसला. पुढचं कडवं गायला.
वाईटच गायला.

डेन्झिल गाडीतून कॅसेट घेऊन आला.
आम्ही डोकी जवळ आणली, पोरांसारखी.
डेन्झिलला ऐकू आलं.
जेगो म्हणाला, ते पबाचं दार.
माझे कान इंजिनाने कधीच खाल्लेत,
मी म्हटलं, आलं.

मत घेतलं. सर्वांत टुकार तेच, चार विरुद्ध शून्य,
मॉर्वेनाचाही हात वर.

बाहेर पाणी चढलं होतं.
दिवसभर चिखलात कलंडलेल्या बोटी
एकेक करून सरळ होत होत्या.
आणि डेन्झिल, कुणी सांगितलं नसताना,
टेप मागे नेत होता.