धड

फ्लेक्स छापायच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा वर्ग.
खालून शाईचा वास येतो,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा फुटपाथवर वाळत असतात.
वर टेबलावर एक धड.
हात नाहीत, पाय नाहीत,
ओठांचा रंग स्पिरिटनं पुसून पुसून गेलेला.
आधीच्या बॅचनं मानेवर मार्करनं लिहिलंय: कामतकाका.

बरोबर दाबलं की कामतकाका टक् करतात.
चुकलं की गप्प.

ठोसर सर चौदा वर्षं गाडीवर होते,
आता कमरेला पट्टा, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ.
"मोठ्यानं मोजा. तीस. मग दोन श्वास.
आणि दाबून बसू नका,
छाती परत वर येऊ द्या.
ती वर येणंही तुमच्याच कामात धरलंय."

इर्शाद तांबोळी अरबीत मोजतो:
वाहिद, इत्नेन, तलाता.
दोहाला पगार चौपट म्हणे,
फक्त एक परीक्षा, दोन वर्षं अनुभव, आणि एजंट.
इथे अकरा महिन्यांचा करार,
मग एक दिवस बेकार,
मग पुन्हा अकरा महिने.
त्या एका दिवसाचं काय करायचं, सर?
"झोपायचं," सर म्हणाले.

आई विचारते, डॉक्टर होणार का?
नाही.
मग नर्स?
नाही.
म्हणजे धड ना हे, धड ना ते.
मी काही बोलत नाही. सकाळ झाली की
धडापाशीच तर जाते.

मुलाखतीत मी 'सेवा' म्हणाले,
कारण आधीच्या तिघांनी तेच म्हटलं होतं.
खरं असं, की मॉलमध्ये अत्तराच्या काउंटरवर असताना
एक बाई माझ्यासमोर कोसळली.
वॉचमन तिला फाइलनं वारा घालत राहिला
आणि मी टेस्टरच्या बाटलीचं झाकण लावत होते.
नीट. दोनदा.

गाडीवरचा चौथा दिवस.
गोवंडी, सातवा मजला, लिफ्ट बंद.
जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही
हे पुस्तकात नाही.
चादरीत घालून उतरवला,
पन्नाशीचा माणूस, बोटांना जरीची चमक चिकटलेली.
चौथ्या मजल्यावर त्याचा श्वास थांबला.
तिथेच, कुणाच्या तरी चपलांशेजारी
मी गुडघे टेकले.

टक् झालं नाही.
कट् झालं. बरगडी.
सर म्हणाले होते, होईल. म्हणाले होते, थांबायचं नाही.
शेजारच्या घरात मालिकेतल्या सासू-सुना भांडत होत्या,
मग कुणीतरी टीव्ही बंद केला
आणि जिन्यात माझे आकडे तेवढे उरले.

कॅज्युअल्टीच्या दारात त्यांनी त्याला घेतलं,
स्ट्रेचर रिकामं परत दिलं.
पुढचं आम्हाला कोणी सांगत नाही.
किलोमीटर लिही. सिलिंडरचा काटा बघ. रेक्झिन पूस.
सगळं निघतं फडक्यानं,
जर निघत नाही, इकडची तिकडे होते.

रात्री आईनं विचारलं, जगला का गं?
म्हटलं, पोचवला.

ती थोडा वेळ भांडी विसळत राहिली.
मग हात पदराला पुसून
गादीवरची उशी ओढली, म्हणाली, दाखव.
मी तिचे तळहात एकावर एक ठेवले,
कोपरं सरळ केली.
माहेरी अधोलीनं जोंधळे मोजायचे
तशी ती मोजू लागली:
लाभ, दोन, तीन, चार

दाबून बसू नको, आई.
वर येऊ दे.

उशी जुनी आहे, वर यायला वेळ लावते.
आम्ही दोघी तिच्याकडे बघत थांबतो.