वाटा

मिरकरवाड्याच्या बर्फगोदामात, जिन्याखालच्या कपाटात,
तीन स्विच एकावर एक,
पाठीमागून जाड केबलने एकमेकांना धरून.
बाहेरच्याने विचारलं तर सांगतात, आम्ही एकच.
खाऱ्या वाऱ्याने बिजागरीला गंज चढलाय.
दार कुरकुरतं, आतून गरम धुळीचा वास येतो,
त्यात थोडा बांगड्याचा.

सोमवारी रात्री वीज पडली, दसऱ्यानंतर पडते तशी.
मधला गेला.
यज्ञेशने नवा खोक्यातून काढला,
त्याच खाचेत बसवला, त्याच तारा त्याच क्रमाने.
दिवे हिरवे.
आणि तरी वर ऑफिसात बिलं हाताने,
शीतखोल्यांच्या तापमानाजागी नुसत्या रेघा.
तीन दिवस सगळे यज्ञेशला बोलतायत.

बशीर नाखवा खोलीच्या दाराला तळहात लावतो.
"अठरा आहे. उणे. लिही."
दर तासाला असंच वाचतो.
परदेशी जाणाऱ्या कोळंबीच्या कागदांवर
तळहात चालत नाही.

मी रिकाम्या क्रेटवर बसते, लॅपटॉप मांडीवर.
स्टॅकला विचारते, कोण कोण आहात?
एक, हजर.
तीन, हजर.
चार, हजर.
दोन: जागा राखलेली आहे.

नव्याला कुणी नंबर सांगितलाच नव्हता,
त्याने आपला मोकळा होता तो घेतला.
दोनच्या नावे अठ्ठेचाळीस दारं लिहून ठेवलेली,
हे हिशेबाचं, हे थर्मामीटरचं,
आणि त्या दारांना भिंतच नाही.
चारच्या प्रत्येक दारावर मात्र एकच आकडा,
कारखान्यातून आला तसा.

"काय गो, गावला काय?"
सांगते त्याला, व्हीलॅन म्हणजे वाडी समज.
पाणंद एकच, पण या वाडीतली हाक त्या वाडीत ऐकू जायची नाही.
"जाते की," बशीर म्हणतो. "आमच्यात तरी जाते."

राखलेल्या जागेचं मात्र त्याला समजवावं लागत नाही.
लतीफ गेला त्याला सात वर्षं झाली.
होडी लागली की त्याच्या घरचा वाटा अजून काढतात.
नवा खलाशी आला, त्याचा निराळा.
एवढं बोलून तो पुन्हा दाराला हात लावायला जातो.

चारचं नाव दोन करते.
तो विझतो, मग बराच वेळ काही नाही,
मग एकेक दार आपापल्या वाडीत.
"नाव बदललस नि झाला?"
"झालं."
झालेलं नसतं. पिंग जातो, परत येत नाही.

वर ऑफिसाकडे जाते ती ट्रंक,
तिच्यावरून कुणाला सोडायचं त्याची यादी उघडते.
यादीत एकटा चाळीस.
दहा नाही, वीस नाही,
थर्मामीटरांचा तीस नाही.
नोंदी मागे मागे नेते. सोमवार, रात्री नऊ चाळीस.
खाली नाव माझं.

घरी होते. कुकरच्या शिट्ट्या मोजत
कॅमेऱ्यांसाठी चाळीस नंबर चढवला,
आणि 'ॲड' लिहायचं राहिलं.
तेवढ्या एका शब्दावाचून आज्ञा अशी होते:
हा आत, बाकी सगळे बाहेर.
त्या सगळ्यांत मीही होते. जोडणी तुटली,
तेवढ्यात आभाळ कडाडलं,
आणि मला वाटलं, वीज.

यादी नीट लिहिते. चारी खोल्या पडद्यावर उजाडतात.
उणे अठरा. उणे अठरा. उणे सतरा पूर्णांक नऊ.
बशीर वही उघडून आकडे ताडून पाहतो, काही बोलत नाही.
मीच बोलते. चूक माझी होती म्हणून.
"विजेवर घाल," तो म्हणतो. "ती कुठे सांगायला येते?"
यज्ञेश चहा आणायला गेलेला असतो.
मी थांबत नाही.

भाट्याच्या पुलावर, भरतीचं पाणी खांबांना लागलेलं,
आठवतं: साठवलं नाही.
दिवे गेले तर चाळीस पुन्हा पुसला जाईल.
घरून जमेल, दोन शब्दांचं काम.
घरून नको.
स्कूटर वळवते.
चहा निवला असेल, पोरगा असेल अजून.