लाईट गेल्यावरची चक्की

दहावीपर्यंत ते जडत्व होतं.
जड, पण आपल्यातलं;
ओलं पोतं डोक्यावर घेतलं की मानेला कळायचं.
अकरावीत त्याचं इनर्शिया झालं
आणि मी एकेक बाक मागे सरकत गेले.

आर्वीच्या कॉलेजात कुरवाडे सर फळ्याशीच बोलतात.
इंटिग्रेशनचं चिन्ह म्हणजे
पऱ्हाटीच्या तासात उभा राहिलेला साप,
शेपटी शून्यात, तोंड अनंतात,
आम्ही साठ जण पाय वर घेऊन बसलेलो.
"समजलं?"
"होऽऽ."
त्यातला सगळ्यात मोठा हो माझा.

एसटीत खिडकीला डोकं टेकून पुटपुटते,
आय बरोबर एम आर स्क्वेअर.
शेजारची बाई विचारते, कोन्या देवाचं वं, बाई?
चाकाचं, मी म्हणते.
ती हात जोडते.

युनिट टेस्टला पंचवीसपैकी सहा.
पेपर लपवला केमिस्ट्रीच्या पुस्तकात,
बेंझीनच्या पानात.
तिकडे मीसुद्धा फिरकत नाही.

परवा सांजेला दळण घेऊन गेले.
नत्थूजी उईके, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
त्यांनी गहू ओतला न ओतला
तर लाईट गेली.
सगळं गाव गप्प.
पण मोठं चाक फिरतच होतं,
चाकासंगं गोटा, घरंघरं,
पीठ पडतच होतं, कोमट, थोडं थोडं.
मी मनात मोजलं. एकोणीसपर्यंत.

"काहून थांबत नाही हो हे लगेच?"
"त्याचं वजन कुठी हाय पाय ना. काठाले.
वजन काठाले असलं का लवकर निंगत नाही,
अन् निंगलं का मंग कोनाच्या बापाचं आयकत नाही."

अंधारात पिठाच्या डब्यात माझा हात, कोपरापर्यंत.
"आर स्क्वेअर, नत्थूजी!"
"कोन? त्याचं दळण उद्या म्हना."

पुढच्या टेस्टला अकरा आले.
शेवटच्या गणितात एकक लिहायचं राहिलं.
बेंझीनचं पान अजून मिटलेलंच आहे,
आत तो सहाचा पेपर.

पण काल सरांनी विचारलं, "समजलं?"
आणि होऽऽ मधून मी माझा हो काढून घेतला.
हात वर केला.
"नाही समजलं, सर. इथपासून."
साठ माना वळल्या.
सर लगेच थांबले.
खडूला थांबायला
थोडा वेळ लागला.